आयर्लंडचे ‘पॅरामिलिटरी’ : निमलष्करी म्हणावे का?

उत्तर आयर्लंडवरच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘पॅरामिलिटरी’ला ‘निमलष्करी दल’ म्हटलं तर चालेल का, आणि ‘मिलिशिया’ला वेगळा शब्द आहे का, असं विचारलं आहे.

निमलष्करी मुळीच नको. हा शब्द वाचला की मराठी माणसाला सीआरपीएफ, बीएसएफ आठवतात. म्हणजे सरकारी पगार, सरकारी हुकूम. बेलफास्टमध्ये मात्र पॅरामिलिटरी म्हणतात ते सरकारी नसलेल्या बंदूकधाऱ्यांना : आयआरएतून (आयरिश रिपब्लिकन आर्मी, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी संघटना) 1969च्या डिसेंबरात फुटून निघालेली प्रोव्हिजनल आयआरए, किंवा तिच्या विरोधातली, ब्रिटनशी निष्ठा सांगणारी (लॉयलिस्ट) यूव्हीएफ, म्हणजे अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स. घोटाळा कुठवर जातो पाहा. 1970ची अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट ही ब्रिटिश सैन्याची पलटण. 1971ची अल्स्टर डिफेन्स असोसिएशन ही लॉयलिस्ट वस्त्यांमधल्या पहारा देणाऱ्या टोळ्या एकत्र येऊन झालेली संघटना. दोन्हींचं ‘अल्स्टर संरक्षण दल’ केलं की सगळंच बुडालं. काही माणसं दोन्हीकडे होती, म्हणून तर हा फरक जपायलाच हवा. ‘बंदी घातलेली संघटना’ हेही सरसकट लिहू नये, कारण असोसिएशनवर बंदी आली ती थेट 1992 साली. मी ‘सशस्त्र संघटना’ लिहितो.

निमलष्करी शब्द चपखल बसतो तो आयरिश स्वातंत्र्ययुद्धातल्या, 1920च्या ऑक्झिलरींना. हे ब्रिटिश फौजेतले माजी अधिकारी, नेमणूक पोलिसांत, काम लष्करी छाप्यांचं. त्याच वर्षी आलेले ‘ब्लॅक अँड टॅन्स’ वेगळे; ते पोलीस शिपाई म्हणून भरती झाले होते, आणि गणवेश अपुरे पडल्यामुळे खाकी व गडद हिरवे कपडे मिसळून घालत, म्हणून ते नाव.

‘मिलिशिया’ची गोष्ट आणखी निराळी. आयर्लंडात 1793च्या कायद्याने ती सरकारनेच उभी केली. चिठ्ठ्या टाकून गावातले पुरुष निवडायचे. त्यावरून ठिकठिकाणी दंगे उसळले. 1798च्या उठावात वेक्सफर्डमधल्या ऊलार्ट टेकडीवर बंडखोरांनी नॉर्थ कॉर्क मिलिशियाची तुकडी जवळजवळ पुरती कापून काढली. म्हणजे मिलिशिया राजाच्या बाजूची होती, बंडखोरांच्या नव्हे. आपल्याकडचा ‘शिबंदी’ हा शब्द इथे मोह घालतो, पण शिबंदी पगारावर ठेवलेली असे, किल्ल्यांच्या नि वसुलीच्या कामाला. त्यात चिठ्ठीची सक्ती नाही. तेव्हा ‘मिलिशिया’च ठेवावं, आणि पहिल्या उल्लेखाला ‘चिठ्ठ्या टाकून उभारलेली सरकारी स्थानिक फौज’ एवढं जोडावं.

खरी अडचण ‘व्हॉलंटिअर’ची आहे. 25 नोव्हेंबर 1913 रोजी डब्लिनच्या रोटंडात आयरिश व्हॉलंटिअर्स या राष्ट्रवादी सशस्त्र संघटनेची स्थापना झाली, आणि पुढच्या जुलैत त्यांनी हाउथ बंदरात सुमारे 900 रायफली उतरवल्या. ‘स्वयंसेवक’ म्हटलं की आपल्याकडे छातीवर बिल्ला लावून मांडवात धावपळ करणारा माणूस उभा राहतो. त्यांचं आयरिश नाव ‘ओग्ली ना हेरन’; त्यातल्या ‘ओग्लाख’चा मूळ अर्थ तरुण योद्धा. आयआरएमधला साधा सैनिकही व्हॉलंटिअरच म्हणवला गेला. म्हणून मी ‘व्हॉलंटिअर’ तसाच ठेवतो, फार तर ‘सशस्त्र स्वयंसेवक’ करतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘ओग्ली ना हेरन’ हेच आज आयर्लंड प्रजासत्ताकाच्या अधिकृत सैन्यदलाचं आयरिश नाव आहे, आणि आयआरएच्या वेगवेगळ्या फळ्याही त्यावर हक्क सांगत आल्या. मूळ मजकुरात ते दिसलं, की अनुवादापूर्वी साल आणि पत्रक काढणारा कोण, हे दोन्ही तपासा.