पाण्याखालचा फोन बनवायचा, तर कोणती शाखा?

प्रिय विद्यार्थिनी,

एक-दोन माणसांच्या खासगी पाणबुड्यांना परवडेल अशी संवादयंत्रणा तुला बनवायची आहे. त्यासाठी नेव्हल आर्किटेक्चर (जहाजं-पाणबुड्यांची रचना) घ्यावं, मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक्स, असं तू विचारलं आहेस. वॉकीटॉकी जलरोधक डब्यात घालून काम भागेल का, ही तुझी शंका आहे; आणि हा छंद झाला, यावर पोट कसं भरणार, हा बाबांचा प्रश्न.

आधी शंका घेते, कारण शाखेचं उत्तर तिच्यातच आहे. वॉकीटॉकीने भागणार नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे रेडिओलहरी त्यात शोषल्या जातात. वॉकीटॉकीची लहर काही सेंटिमीटरमध्येच विरते. फ्रिक्वेन्सी अगदी 10 किलोहर्ट्झपर्यंत खाली आणली तरी दर अडीच मीटरला लहरीचा जोर एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने धावतो आणि किलोमीटरच्या किलोमीटर जातो. म्हणजे तुझं क्षेत्र पाणबुडी नव्हे, ध्वनी आहे. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घे आणि त्यात सिग्नल प्रोसेसिंगवर, म्हणजे संकेत गणिताने गाळून-सुधारून वाचण्यावर, भर दे. पाणबुडीचा सांगाडा दुसरं कुणी बांधेल.

आता 'परवडणारी' या शब्दाकडे येऊ, कारण पत्रातला मला सर्वांत आवडलेला शब्द तो आहे. अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस 'गर्ट्रूड' नावाने ओळखला जाणारा पाण्याखालचा टेलिफोन आणला. तो माणसाचा आवाज सिंगल साइडबँड (लहरीची एकच बाजू पाठवून पट्टा अरुंद ठेवणाऱ्या) पद्धतीने साधारण 8 ते 11 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चढवतो. हा पट्टा साध्या संगणकाच्या साउंड कार्डच्या आवाक्यात आहे! सेकंदाला 48,000 नमुने घेणारं कार्ड 24 किलोहर्ट्झच्या खालचं सगळं हाताळू शकतं. त्यामुळे मॉड्युलेशन (आवाज त्या पट्ट्यात चढवणं), फिल्टर, डिमॉड्युलेशन (तो परत उतरवणं) हे सारं तुला घरी पायथॉन या संगणकभाषेत लिहून पाहता येईल. डायव्हरच्या काही फोनसंचांत 32.768 किलोहर्ट्झ वापरतात. क्वार्ट्झ घड्याळातल्या स्फटिकाची फ्रिक्वेन्सीही हीच, म्हणून तो सुटा भाग कुठेही स्वस्तात मिळतो. डिजिटल संदेशांसाठी नाटोने 2017 मध्ये 'जॅनस' हे मानक स्वीकारलं, तेही खुलं आहे. त्याचा मूळ वेग सेकंदाला जेमतेम 80 बिट. तेवढ्यात बोलणं बसत नाही, पण खोली, बॅटरीची स्थिती आणि 'सगळं ठीक' एवढं सहज पोहोचतं. छोट्या पाणबुडीला आवाजाच्या जोडीला असा तुटपुंजा डेटाही हवा, असं माझं ठाम मत आहे.

मग खर्च कुठे होतो? ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे विजेचा ध्वनी आणि ध्वनीची वीज करणाऱ्या भागावर, आणि त्याची वायर पाणबुडीच्या कवचातून आत आणणाऱ्या जोडावर. दर 10 मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाइतका (जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा) वाढतो, त्यामुळे या जोडावर पैसे वाचवायचे नाहीत. ती जागा माणसाच्या जिवाची आहे. काटकसर करायची ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये. फ्रिक्वेन्सी निवडतानाही ओढाताण होते. समुद्रात 10 किलोहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे 1 डेसिबल शोषण होतं, 100 किलोहर्ट्झला तेच 30च्या पुढे जातं. कमी फ्रिक्वेन्सी दूर पोहोचते, पण तिला ट्रान्सड्यूसर मोठा आणि महाग लागतो.

सुरुवात हायड्रोफोनपासून, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनपासून कर. पिझो चकती (दाब पडला की वीज देणारी), तिच्यावर इपॉक्सीचा थर, आणि अगदी तिच्या शेजारीच छोटा अ‍ॅम्प्लिफायर; चकतीचा संकेत दुबळा असतो आणि लांब वायरीत तो गोंगाटात बुडतो. आधी फक्त ऐक. छोट्या टाकीत मिळालेल्या निकालांवर विसंबू नकोस, भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी तिथे सगळं एकमेकांत मिसळून टाकतात. उघड्या पाण्यातही पृष्ठभाग आणि तळ हेच करतात, शिवाय गरम-थंड थरांमुळे ध्वनी वाकतो. म्हणूनच सोबतची बोट पाणबुडीच्या जवळपास डोक्यावर असली की बोलणं स्वच्छ ऐकू येतं, दूर बाजूला गेली की शब्द चिरफाळतात. पाणबुडीच्या स्वतःच्या थ्रस्टरचे (तिला ढकलणाऱ्या विजेच्या पंख्यांचे) मोटर कंट्रोलर हा आणखी एक शत्रू; त्यांचा विद्युत गोंगाट थेट रिसीव्हरमध्ये शिरतो. प्रक्षेपणाकडे वळशील तेव्हा एखादी जाणती व्यक्ती शेजारी हवीच, कारण ट्रान्सड्यूसरला शेकडो व्होल्टही लागू शकतात. पाण्यातल्या प्राण्यांनाही आपला आवाज ऐकू जातो, तेव्हा तिथले नियम आधी पाहा.

या यंत्रणेचं मोल कळायला 1973ची एक घटना पुरेशी आहे. 'पायसीस 3' ही दोघांची छोटी पाणबुडी आयर्लंडजवळ सुमारे 480 मीटर खोल समुद्रतळावर अडकली. रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन तिच्यात होते. वरच्या जहाजाशी त्यांचं बोलणं होऊ शकत होतं, आणि तीन दिवसांहून अधिक काळानंतर दोघे जिवंत वर आले. तरीही तुझ्या यंत्रणेची आखणी करताना ती बंद पडणार असं धरूनच चाल. तिला स्वतंत्र बॅटरी दे. ठरलेल्या वेळी संपर्क झाला नाही तर पाणबुडीने वर यायचं, हा नियम पहिल्याच पानावर लिही.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे. खासगी पाणबुड्यांची बाजारपेठ लहान आहे. शिक्षण संपताच त्यावर संसार उभा करायला मी सांगणार नाही. पण हेच कौशल्य सागरतळाच्या सर्वेक्षणाला, पाण्याखालच्या रोबोटना, पाइपलाइनच्या तपासणीला, मासेमारीच्या एको साउंडरना (प्रतिध्वनीवरून खोली आणि मासे शोधणाऱ्या यंत्रांना), देवमाशांच्या अभ्यासाला आणि नौदलाच्या सोनारला (ध्वनीने पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेला) लागतं. पहिली काही वर्षं यांपैकी एखाद्या ठिकाणी नोकरी कर. ट्रान्सड्यूसर कसे बनतात, कसे मोजतात, खाऱ्या पाण्यात काय कुजतं, हे तिथेच हाताला कळतं. तुझा स्वस्त फोन त्यानंतर व्यवसाय म्हणून उभा राहू शकेल.

कॉलेज निवडताना विभागप्रमुखांना दोन गोष्टी विचार: ध्वनी मोजण्यासाठी पाण्याची टाकी आहे का, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती वापरू देतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर नाव कितीही मोठं असो, आधी दुसरं कॉलेज पाहा.