कांचनाबुरीला डे ट्रिप नको, तीन रात्री राहा (बँकॉकहून स्वस्तात कसं जायचं, कुठं राहायचं, काय खायचं)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही दोघी मैत्रिणी, पहिलीच परदेशवारी, बजेट टाइट, एकजण शाकाहारी, आणि बँकॉकमधून कांचनाबुरीची एका दिवसाची टूर घ्यावी की ते गाव सोडूनच द्यावं. मी तिथं तीन खेपा राहून आलेय, शेवटची एकटीनं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टूर घेऊ नका आणि गावही सोडू नका. तुमच्या प्लॅनमधले पटायाचे दोन दिवस कमी करा आणि तिथं तीन रात्री राहा. टूरवाले सकाळी सहाला उचलतात, दुसऱ्या महायुद्धातल्या ख्वे नदीवरच्या प्रसिद्ध रेल्वे पुलावर अर्धा तास, युद्धकैद्यांच्या स्मशानभूमीत वीस मिनिटं, रेल्वेतून एक चक्कर, धबधब्यावर पाय ओले करून रात्री परत. बारा तासांतले सहा-सात तास व्हॅनमध्येच जातात, आणि एका टूरला जे पैसे पडतात त्यात तिथं दोन दिवस नीट राहून, खाऊन-पिऊन होतं.

बँकॉकपासून अंतर साधारण 130 किलोमीटर. जायचं तर रेल्वेनंच जा. ही गाडी मोठ्या स्टेशनवरून सुटत नाही, नदीपलीकडच्या थोनबुरी स्टेशनवरून सुटते, हे नीट लक्षात ठेवा कारण चुकीच्या स्टेशनवर जाऊन गाडी हुकलेले लोक मी पाहिलेत. दिवसाला दोनच गाड्या, एक सकाळी पावणेआठच्या आसपास आणि दुसरी दुपारी दोनच्या आसपास, वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. परदेशी माणसाला तिकीट सरसकट 100 बाट, जवळ उतरा नाहीतर शेवटपर्यंत जा. रिझर्वेशन नाही, थर्ड क्लास, छताला पंखे, खिडक्या सताड उघड्या. अर्धा तास आधी पोचलात तर जागा मिळते, आणि शेजारीच भाजीबाजार आहे तिथून केळी आणि उकडलेल्या शेंगा घेऊन ठेवा. गाडी हळू जाते, अडीच तास धरा, पण भातखाचरं, उसाचे मळे, मधली छोटी स्टेशनं, टोपलीत भात आणि चिकन घेऊन डब्यातून फिरणाऱ्या बायका, हे सगळं बघत जाताना वेळ कळत नाही. घाई असेल तर दक्षिणेकडच्या बस टर्मिनलवरून, त्याला ते साइ ताइ माइ म्हणतात, मिनी व्हॅन मिळतात, त्या दोन-अडीच तासांत पोचवतात.

उतरलात की मे नाम ख्वे नावाचा रस्ता विचारा. सगळी स्वस्त गेस्टहाऊसं त्या एका लांब रस्त्यावर आणि मागच्या नदीकाठी आहेत. (ख्वे म्हणा, क्वाय नको. खवाय म्हणजे थाई भाषेत म्हैस, तिथले लोक हसून दुरुस्त करतात.) पंख्याची खोली मला गेल्या खेपेला 350 बाटला मिळाली, दोघींत वाटलं तर फारच स्वस्त. एक बाट म्हणजे पावणेतीन-तीन रुपये धरून चला. आता खोलीबद्दल एक अनुभव सांगते. पहिल्या खेपेला मी नदीवर तरंगणाऱ्या तराफ्यावरची खोली घेतली, फोटोत फार सुंदर दिसत होती, आणि ती शनिवारची रात्र होती. तिथं शनिवार-रविवारी मोठमोठे पार्टीचे तराफे बोटीनं ओढत नदीतून फिरवतात, वर कराओके आणि स्पीकर, रात्री उशिरापर्यंत. आणि मालकानं तर बुकिंगच्या वेळी 'एकदम शांत जागा' असं सांगितलेलं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा तराफ्यावर राहायचंच असेल तर सोमवार ते गुरुवार राहा, त्या दिवसांत पहाटेचं धुकं नदीवर उतरतं ते खोलीतूनच दिसतं. वीकेंडला रस्त्याच्या आतल्या बाजूची खोली घ्या. पैसे देण्याआधी खोली बघायला मागा, तिथं कुणी वाईट वाटून घेत नाही.

गावात फिरायला सायकल, दिवसाला 50 बाटच्या आसपास. नाहीतर सॉन्गथेव, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेली पिकअप, आपलं वडापच म्हणा ना, मुख्य रस्त्यावर हात केला की थांबते. स्कूटर भाड्यानं घ्यायची असेल तर इंटरनॅशनल परमिट इथूनच आरटीओतून काढून न्या आणि त्यात दुचाकीचा शिक्का आहे का ते बघा, नसेल तर अपघातात इन्शुरन्स एक पैसा देणार नाही. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात त्यामुळे अवघड नाही, पण परमिटशिवाय चालवू नका, कृपा करून.

आता खाणं, कारण शाकाहारी मैत्रिणीची काळजी तुम्हाला जास्त वाटतेय असं दिसतं. 'जे' हा एक शब्द पाठ करा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर काढलेलं दिसलं की ते दुकान जे जेवणाचं. त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या स्वयंपाकाच्या जवळचं. सकाळी बाजारात अशा दुकानांत भात आणि दोन भाज्या 40-50 बाटला मिळतात, पण दुपारी एक-दोननंतर भांडी रिकामी झालेली असतात तेव्हा लवकर जा. इतर ठिकाणी अडचण मांसाची नाही, ते काढायला सांगता येतं, अडचण माशाच्या सॉसची आहे, तो नाम प्ला ते मिठासारखा सगळ्यात घालतात. 'माई साइ नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस घालू नका. वाक्याच्या शेवटी 'खा' लावा, बायका तसंच बोलतात, आणि तेवढ्यानं समोरच्याचा चेहरा बदलतो.

रात्री रेल्वे स्टेशनजवळ बाजार भरतो, जेवण तिथंच करा. तिथं कच्च्या पपईचं सोम ताम करणारी एक मावशी होती, तिच्यासमोर मी तीनही संध्याकाळी उभी राहिले. मातीचा खोल खल, लाकडी मुसळ. आधी लसूण आणि मिरची, मग ताडाचा गूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे हातानंच मोडून, शेंगदाणे, लिंबू सालीसकट पिळून आत टाकलेलं, आणि शेवटी पपईचा कीस. एका हातानं मुसळ चालतंय, दुसऱ्या हातातल्या मोठ्या चमच्यानं खालचं वर करतेय, टोक टोक टोक, ताल कुठं चुकत नाही. मग चमच्यावर पपईची एक काडी घेऊन ती तुमच्यासमोर धरते, चव बघ म्हणून. आंबट कमी वाटलं तर तोंड आंबट करून दाखवायचं, ती अजून लिंबू पिळते. शाकाहारी हवं असेल तर आधीच 'माई साइ कुंग हेंग' म्हणजे सुकट नको आणि 'माई साइ नाम प्ला' ही दोन्ही सांगायची, ती सोयाबीनचा सॉस घालून देते. सोबत खाओ निआओ म्हणजे चिकट भात घ्या, हातानं गोळा करून खायचा. दोन्ही मिळून मला 60 बाट लागले. नंतर केळं घालून तव्यावर केलेली रोटी, वर कंडेन्स्ड मिल्क, ती करणारे बहुतेक मुसलमान असतात, आणि पीठ आपटून पसरायची पद्धत बघितलीत की आपला पराठेवाला आठवेल.

आता ज्यासाठी हे गाव जगाला माहीत आहे ते. पूल बघायला संध्याकाळी जा, तेव्हा ऊन उतरलेलं असतं. रुळांवरून चालत पलीकडे जाता येतं, गाडी आली की बाजूला उभं राहायला छोटे कठडे केलेत. नीट बघितलंत तर काही कमानी गोल आहेत आणि मधल्या दोन कोनदार, सरळ. गोल त्या जुन्या, कोनदार त्या 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तुटलेल्या भागाच्या जागी युद्धानंतर बसवलेल्या. पण आधी पूल आणि मग इतिहास असं करू नका, उलटं करा. पहिल्या सकाळी रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर असलेल्या युद्ध स्मशानभूमीत जा, प्रवेश फुकट आहे, आणि समोरच्या रेल्वे सेंटर म्युझियममध्ये दीडशे बाटच्या आसपास तिकीट काढून दीड-दोन तास द्या. बजेटमध्ये एकच म्युझियम बसत असेल तर हेच. जपानी सैन्यानं 1942-43 मध्ये बर्मापर्यंत 415 किलोमीटर रेल्वे जेमतेम सव्वा वर्षात बांधून घेतली, त्यात 12 हजारांहून जास्त युद्धकैदी मेले, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. स्मशानभूमीत जवळजवळ 7 हजार कबरी आहेत, छाटलेलं हिरवं गवत, प्रत्येक पाटीसमोर एक रोपटं, पाटीवर नाव आणि वय. 22, 24, 23, 31. एका रांगेत चालत वयं वाचत गेलं की पुढं पाऊल उचलत नाही.

आणि एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत ती मला सांगायचीच आहे. कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त मजूर आशियातले मेले, बर्मी, मलय, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले हजारो तमिळ. अंदाज 90 हजारांपर्यंत जातात. त्यांच्या नावाच्या पाट्या नाहीत, कारण नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. स्मशानभूमीच्या जवळच वात थावॉर्न नावाचं बौद्ध मंदिर आहे, तिथं अशा मजुरांच्या अस्थी ठेवलेला स्तूप आहे, आणि अलीकडे तमिळ मजुरांसाठी तिथं नडुकल उभारलाय. नडुकल म्हणजे आपल्या गावोगावी देवळाबाहेर असतो तो वीरगळच. मी तिथं गेले तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. समोर गर्दीत सेल्फी चालू होते आणि इथं झाडूचा आवाज तेवढा. स्मशानभूमीच्या दाराशी असलेल्या इमारतीत अजून एक पाटी आहे, अखंड हिंदुस्थानच्या सैन्यातल्या 11 जणांच्या नावांची, त्यांना थायलंडमधल्या मुस्लिम कबरस्तानांत पुरलं होतं आणि त्या कबरी टिकवता आल्या नाहीत. ती शोधून वाचा. आपण भारतातून जातो, आपण नाही थांबलो तर कोण थांबणार.

दुसऱ्या दिवशी तीच रेल्वे पुढं नाम तोकपर्यंत पकडा, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, जाताना डाव्या बाजूला बसा. पूल ओलांडते आणि नंतर थाम क्रासेपाशी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली ख्वे नोई नदी, मध्ये लाकडी खांबांवरून गाडी माणसाच्या चालीनं जाते, खांब करकरतात ते खिडकीतून ऐकू येतं. वेळ असेल तर येताना थाकिलेन स्टेशनवर उतरून प्रासात मुआंग सिंग बघा, ख्मेर राजवटीतलं जांभ्या दगडाचं देऊळ, कोकणातला जांभा डोळ्यांसमोर आला मला. स्टेशनपासून चालत जाता येतं, पण परतीची गाडी विचारून ठेवा, एक हुकली की संध्याकाळ जाते. हेलफायर पास मात्र गाडीनं होत नाही, बस स्टँडवरून थोंग फा फूम किंवा सांगख्लाबुरीकडे जाणारी बस पकडून वाटेत उतरायचं, प्रवेश फुकट आणि कैद्यांनी हातानं फोडलेल्या खडकातून चालत जायचं.

एरावान धबधबा तिसऱ्या दिवशी, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. बस स्टँडवरून सकाळी आठची लोकल बस, दीड तास. तुमच्या ट्रिपमधलं सगळ्यात महाग तिकीट हेच, परदेशी माणसाला 300 बाट, पण सात टप्पे आहेत, पाणी निळसर-हिरवं, आणि पाण्यात पाय सोडले की मासे येऊन चावे घेतात, गुदगुल्या होतात. थेट वरच्या टप्प्यापासून सुरू करा आणि उतरताना पोहा, खालचे टप्पे दुपारी भरून जातात. दुसऱ्या टप्प्यापुढं खाणं नेऊ देत नाहीत, पाण्याच्या बाटलीचे 20 बाट डिपॉझिट घेतात, ते येताना परत. पोहायला लाइफ जॅकेट लागतं. शेवटची बस दुपारी चारच्या आसपास असते, उतरल्या उतरल्या ड्रायव्हरला विचारा.

हत्तीवर बसण्याचे पॅकेज विकणारे तुम्हाला भेटतील, घेऊ नका. पाठीवर लोखंडी बाकडं बांधलेला हत्ती एकदा जवळून बघितला की कळतं का ते.

पैशांचं म्हणाल तर दोघींनी खोली वाटून घेतली तर माणशी दिवसाला 700-800 बाट पुरतात, एरावानच्या दिवशी थोडे जास्त. एटीएम वापराल तर परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाटच्या आसपास चार्ज कापतात, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका. 2024 च्या जुलैपासून भारतीयांना व्हिसा न काढता 60 दिवस राहता येऊ लागलं, पण हे नियम बदलत असतात तेव्हा तिकिटाआधी दूतावासाच्या साइटवर बघाच. मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. ई-सिगारेट कुणी सोबत देत असेल तर घेऊ नका, तिथं बंदी आहे.

दोघीच जाताय म्हणून घरचे काळजी करत असतील तर त्यांना सांगा की मी तिथं एकटी रात्री दहाला बाजारातून खोलीवर चालत यायचे, रस्ता उजळलेला असतो, बायका दुकानं चालवत बसलेल्या असतात. बारच्या टोकाकडचा भाग रात्री उशिरा टाळा, एवढंच. तारखा ठरल्या की इथं टाका, नोव्हेंबरच्या शेवटी जाणार असाल तर पुलावर लाइट अँड साउंडचा सोहळा असतो, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, आधी बुक करावी लागेल.