डिझेल सांडलेल्या जमिनीत कोणते कल्चर टाकावे?

प्रश्न : पंपाच्या इंजिनाजवळ डिझेल सांडल्याने तिथे काहीच उगवत नाही. कोणते जिवाणू कल्चर वापरावे? तणनाशकाचा अंश आणि कारखान्याचे सांडपाणी यांवरही तेच चालेल का?

उत्तर : कल्चर विकत घेण्याची घाई करू नका. डिझेल कुजवणारे स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, बॅसिलस या गटांतले जिवाणू बहुतेक जमिनींत असतातच. डिझेलमधून त्यांना कार्बन भरपूर मिळतो, पण हवा, ओल, नत्र आणि स्फुरद अपुरे पडतात. ही उणीव तशीच ठेवली तर बाहेरून आणलेले जिवाणूही टिकत नाहीत. रायझोबियम (हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) किंवा पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांचा तर इथे उपयोगच नाही, त्यांचे काम वेगळे.

साचलेले डिझेल लाकडाच्या भुशाने टिपा आणि तो भुसा शेताबाहेर काढा. मातीत राहिला तर तोच नत्र ओढून घेतो. साबणाचे पाणी ओतू नका, त्याने तेल आणखी खाली उतरते. पावसाने तेल वाहून जाऊ नये म्हणून भोवती छोटा बांध घालून वरची 20 ते 30 सेंटिमीटर माती भुसभुशीत करा.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 700 ग्रॅम कार्बन असतो. कार्बन, नत्र, स्फुरद 100:10:1 धरले तर मातीत मुरलेल्या दर लिटरमागे सुमारे 150 ग्रॅम युरिया आणि 100 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट लागते. सुपर फॉस्फेट सुरुवातीलाच मिसळा. युरिया मात्र चार-पाच हप्त्यांत, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने द्या. एकदम दिल्यास अमोनिया आणि क्षार वाढून जिवाणूच मरतात.

माती कायम वाफशावर ठेवा : मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी निथळू नये. दर 10-15 दिवसांनी खालीवर करा. काम बहुधा फसते ते इथेच, विशेषतः भारी जमिनीत. पाणी तुंबले की हवा संपते आणि डिझेल कुजणे जवळपास थांबते. थंडीत वेग कमी होतो, तेव्हा युरियाचा हप्ता पुढे ढकला.

वास गेला म्हणजे जमीन सुधारली असे समजू नका. हलका भाग उडून जातो, जड भाग मातीतच राहतो. या मातीत आणि शेजारच्या चांगल्या मातीत मुगाचे 20-20 दाणे लावा. उगवण आणि मुळांची लांबी सारखी दिसू लागेपर्यंत मशागत चालू ठेवा. याला काही महिने लागतात. अन्नपीक घेण्यापूर्वी मातीतील पेट्रोलियम हायड्रोकार्बनची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

अॅट्राझीनसारख्या तणनाशकाचे गणित उलटे आहे. ते कुजवणारे अनेक जिवाणू त्यातूनच नत्र मिळवतात, त्यामुळे भरपूर युरिया दिला तर ते अॅट्राझीनकडे वळत नाहीत. तिथे युरिया टाळा. ओल आणि मशागत सांभाळा.

सांडपाण्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम असतील तर जिवाणू त्यांना नष्ट करू शकत नाहीत. धातूचे फक्त रूप बदलते, तो मातीतच राहतो. म्हणून ते पाणी आधी बंद करा, मातीतील जड धातू तपासा आणि अहवाल येईपर्यंत तिथे पालेभाज्या व कंदपिके घेऊ नका.