शिळेवरची ‘११० मराठा’ म्हणजे कोणती पलटण?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाच्या एका स्मारकशिळेवर ‘११० मराठा’ असं कोरलेलं आहे, ती कोणती पलटण, असा तुमचा प्रश्न. ती म्हणजे ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. आजची २ पॅरा, म्हणजे भारतीय सेनेच्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण. १९२२ च्या फेररचनेत ११० वी ‘३/५ मराठा’, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली (व्हिक्टोरिया क्रॉसवाले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे) आणि स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. १०३ ची १/५, १०५ ची २/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ झाली, म्हणून आकडा नीट वाचणं फार महत्त्वाचं. झिजलेले आकडे एकमेकांसारखे दिसतात. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा, खोदकाम सावलीने उठून दिसेल. संगमरवरावर लिंबू किंवा अ‍ॅसिड अजिबात नको, अक्षरं कायमची जातील.

शिळेवर मृत्यूचं साल १९१६ असेल तर इराकमधल्या कूत-अल-अमाराचा वेढा आधी तपासा. ११० वी तिथेच अडकली होती. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर पलटण निवडून इंग्रजीत ‘Belgaum’ शोधा, बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही मिळतं. मात्र नावांची इंग्रजी स्पेलिंगं वेडीवाकडी आहेत, त्यामुळे नावापेक्षा गावावरून शोधलेलं बरं.