सहा जणांच्या कुटुंबाने मुंबईत तीन दिवसांसाठी हॉटेल कुठे घ्यावं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने तुम्ही दोघं, पाच आणि नऊ वर्षांची मुलं आणि सासू-सासरे असे सहा जण दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांसाठी मुंबई बघायला येताय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. गेटवेजवळची हॉटेलं महाग दिसतायत, अंधेरी आणि वाशीला निम्म्या भाड्यात खोल्या मिळतायत. मग राहायचं कुठे?

माझं मत स्पष्ट आहे. फोर्टात राहा. चर्चगेट, हुतात्मा चौक आणि सीएसएमटी यांच्या मधल्या पट्ट्यात. ते जमलंच नाही तर दादर पश्चिम. अंधेरी आणि वाशी या वेळी विसरा.

मी गिरगावात राहते. आमचं घर लहान, त्यामुळे गावाकडून पाहुणे आले की त्यांची हॉटेलं बघून देण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. त्या अनुभवातून सांगते, म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असली की हॉटेल कशाच्या 'जवळ' आहे यापेक्षा दुपारी खोलीवर परत येता येतं का, हे आधी बघायचं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

दिवाळीच्या सुमाराला तुमच्याकडे पहाटे गारवा पडू लागतो, पण इथे दुपारी घामाच्या धारा लागतात. सकाळी दोन ठिकाणं बघून झाली की एकच्या सुमाराला धाकटं पेंगायला लागतं, आजोबांना पाठ टेकायची असते आणि आजींना स्वच्छ बाथरूम हवं असतं. खोली पंधरा मिनिटांवर असेल तर जेवून दोन तास आडवं व्हायचं आणि पाचला ताजंतवानं होऊन मरीन ड्राइव्हला जायचं. खोली अंधेरीला असेल तर सकाळी नऊला बाहेर पडलेलं कुटुंब रात्री दहाला परततं. मधला सगळा वेळ बाकं, झाडाखालची सावली आणि सशुल्क स्वच्छतागृहं शोधण्यात जातो. तिसऱ्या दिवशी मग कुणालाच कुठे जावंसं वाटत नाही.

आता पैशांचं बघू, कारण तुमची मुख्य अडचण तीच आहे. वांद्रे आणि शीवच्या पलीकडे, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, रिक्षा येतच नाहीत. इथे काळी-पिवळी टॅक्सी, आणि तिच्यात चारच माणसं बसतात. तुम्ही सहा, म्हणजे दरवेळी दोन टॅक्सी. किमान भाडं ३१ रुपये, पुढे किलोमीटरला साधारण २१ रुपये. सीएसएमटीहून गेटवे अडीच किलोमीटर धरलं तर एका टॅक्सीचे पन्नासेक रुपये, दोन्हींचे मिळून शंभर. अंधेरीहून गेटवे पंचवीसेक किलोमीटर पडतं, म्हणजे एका टॅक्सीचे पाचशेच्या वर आणि दोन टॅक्सींचे जाऊन-येऊन दोन हजार. अॅपवर सहा सीटची मोठी गाडी मिळते, पण संध्याकाळी तिचे दर चढतात. हे रोजचे दोन हजार खोलीच्या भाड्यात घाला आणि मग फोर्टातल्या दराशी ताडून बघा. फरक फारसा उरत नाही.

लोकलने येऊ म्हणाल, तर सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत सासूबाईंना चढवण्याचा विचारसुद्धा करू नका. वाशीहून हार्बरने सीएसएमटीला यायला पाऊण तासाच्या वर लागतो, आणि रविवारी बहुतेक वेळा हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असतो. अटल सेतूमुळे नवी मुंबई जवळ आली असं लोक म्हणतात. स्वतःची गाडी असेल तर तेही खरं, पण एका वेळचा टोल २५० रुपये आहे आणि इकडे आल्यावर गाडी लावायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

एका गोष्टीने मात्र गेल्या काही काळात चित्र खरोखर बदललंय. ती म्हणजे भुयारी मेट्रो, तिसरी मार्गिका. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, तिकीट १० ते ७० रुपये. गाडी वातानुकूलित, स्टेशनात लिफ्ट आणि सरकते जिने. तुमच्या यादीतली बरीच ठिकाणं तिच्या वाटेवर आहेत: हुतात्मा चौक, चर्चगेट, सीएसएमटी, गिरगाव, महालक्ष्मी, वरळीचं विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक, दादर. पूर्वी फोर्टात राहून सिद्धिविनायकाला जायचं म्हणजे अर्धा दिवस टॅक्सीत जायचा. आता सासूबाई बसून जातील, बसून येतील. म्हणून हॉटेल शोधताना नकाशावर गेटवेपासूनचं अंतर बघत बसू नका. हुतात्मा चौक, चर्चगेट किंवा सीएसएमटी मेट्रोच्या दारापासून पायी किती अंतर आहे ते बघा. पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त नको. शेवटची गाडी साधारण साडेदहाच्या आसपास असते, एवढं लक्षात ठेवा.

कुलाब्याबद्दल सगळेच विचारतात. ताजच्या मागच्या गल्ल्यांत राहण्याची मजा आहे. सकाळी सातला गेटवेवर गर्दी नसते, कबुतरं आणि समुद्र, मुलं मनसोक्त पळतात. पण कुलाब्याच्या त्या भागात ना लोकल, ना दारात मेट्रो. बाहेर पडायचं म्हणजे टॅक्सी, आणि नावाचे जास्तीचे पैसे मोजावे लागतात ते वेगळेच. फोर्टातून गेटवेला दहा मिनिटांत पोचता येतं, म्हणून मी फोर्ट म्हणते.

फोर्टाचीही एक गोची आहे. हा सगळा कचेऱ्यांचा भाग. आठवडाभर दुपारी एक ते दोन उडप्याकडे बसायला जागा मिळत नाही आणि रविवारी नेमकी बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात. त्यामुळे रविवार मधे येत असेल तर नाश्ता हॉटेलातच मिळतो का ते विचारून घ्या. उलट रविवारी रस्ते मोकळे असतात. हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय हे सगळं आरामात चालत बघायला तोच दिवस चांगला. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची डबलडेकर बस मुलांना जरूर दाखवा, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर त्यांच्यासाठी तीच सहल.

दादर माझी दुसरी पसंती का, तर महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथे थांबते, मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे तिथे मिळतात, मेट्रो आहे, सिद्धिविनायक आणि शिवाजी पार्क जवळ आहेत आणि खाण्याची चंगळ आहे. आस्वाद, प्रकाश ही उपाहारगृहं असताना सासऱ्यांना मराठी चवीसाठी वणवण करावी लागणार नाही. पण दुपारी फोर्टातून परत यायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि स्टेशनच्या अगदी लगतच्या रस्त्यांवर दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते. स्टेशनपासून थोडं लांब, शिवाजी पार्कच्या बाजूला बघा. ग्रँट रोड पूर्वेला स्वस्त लॉज दिसतील. कुटुंबासाठी मी ते सुचवणार नाही.

आता हॉटेलांच्या जाहिरातींबद्दल. 'सीएसएमटीपासून अर्धा किलोमीटर' असं लिहिलेलं असतं, ते अंतर अनेकदा नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये रेल्वेचे रूळ आले की सगळं बदलतं. सीएसएमटीला १८ फलाट आहेत. पूर्वेला, १८ नंबरच्या बाजूने बाहेर पडलात की पी. डिमेलो रोड लागतो. लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच बाजूच्या फलाटांवर येतात, म्हणून उतरल्या उतरल्या तिथली हॉटेलं अगदी हाताशी वाटतात. पण फोर्टात, मेट्रोला किंवा जेवायला जायचं म्हटलं की रोज संपूर्ण स्टेशन ओलांडावं लागतं. स्टेशनच्या पश्चिमेलाही मुख्य रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग आहे आणि त्याला पायऱ्या आहेत. सामान आणि दुखरे गुडघे असताना पहिल्या सकाळी हॉटेल अगदी समोर असलं तरी टॅक्सीच करा. 'मुंबई सेंट्रल' आणि 'सीएसएमटी' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, बुकिंग करताना घाईत तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

माझ्या आत्याचं कुटुंब एकदा फोर्टातल्या अशाच एका हॉटेलात उतरलं होतं. फोटोत संगमरवरी काउंटर, प्रत्यक्षात रस्त्यावर फक्त पाटी. शेजारच्या दारातून लाकडी जिना वर जायचा, उंच पायऱ्यांचा, मधे वळण, आणि काउंटर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, जाळीच्या दाराची, पण ती पहिल्या मजल्यावरून सुरू व्हायची. आत्या कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या आणि मागे बॅगा घेतलेली माणसं खोळंबलेली. फोर्ट आणि कुलाब्यात जुन्या इमारतीतली अशी हॉटेलं पुष्कळ आहेत, खोल्या आतून चांगल्याही असतात. म्हणून ऑनलाइन पैसे भरण्याआधी फोन करा आणि नेमकं विचारा: लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का, दारात किती पायऱ्या आहेत, कमोड आहे ना, दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी देणार का, खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या बंद पोकळीत. स्टेशनवरून चालत कसं यायचं तेही विचारा. जो माणूस 'अमुक बँकेच्या कोपऱ्यावरून डावीकडे' असं सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवा. नुसतं 'जवळच आहे मॅडम' म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा.

सहा जणांना एक मोठी फॅमिली रूम घेण्यापेक्षा दोन साध्या खोल्या घ्या. आजी-आजोबा लवकर झोपतात, मुलं उशिरा. शिवाय कराचंही गणित आहे. खोलीचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्यावर गेलं की १८ टक्के. आठ-नऊ हजारांच्या एका खोलीपेक्षा चार-साडेचार हजारांच्या दोन खोल्यांवर कर कितीतरी कमी बसतो. संकेतस्थळावर सुरुवातीला दिसणारा दर बहुधा कराशिवायचा असतो, शेवटच्या पानावरचा आकडा बघून तुलना करा.

वेळेचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लोक विसरतात. तुमची गाडी सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला पोचणार आणि बहुतेक हॉटेलांत खोली मिळते बाराला. रात्रभर गाडीत बसून आलेली सहा माणसं अंघोळीशिवाय पाच तास काय करणार? काही हॉटेलं चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देतात, आधी ती शोधा. नाही तर दोनपैकी एक खोली तरी सकाळी आठला मिळेल असं ठरवून घ्या, आणि व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. शेवटच्या दिवशी उलटं होतं. बाराला खोली सोडायची आणि परतीची गाडी रात्री आठच्या पुढे. त्या दिवशी एक खोली संध्याकाळपर्यंत ठेवा, अर्ध्या दिवसाचे पैसे द्यावे लागले तरी. सामान तिथे राहतं, आजी-आजोबा तिथे विसावतात आणि तुम्ही मुलांना घेऊन क्रॉफर्ड मार्केट फिरून येता. हॉटेल सीएसएमटीजवळ असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला त्या शेवटच्या संध्याकाळी वाटतो. गाडी पकडायला जाताना वाहतूककोंडीचा धसका नसतो.

दिवस ठरवताना एवढं पाहा. एलिफंटा सोमवारी बंद असतं, राणीची बाग बुधवारी. सिद्धिविनायकाला मंगळवारी जाऊ नका, रांगेत सासूबाईंचे हाल होतील. एलिफंटाला लाँचने तासभर लागतो आणि वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. सासूबाई त्या दिवशी खोलीवर थांबणार असतील तर हॉटेल खालीच जेवण मिळणारं हवं, हेही फोनवर विचारून ठेवा. तुम्ही सकाळी नऊच्या सुमाराची लाँच धरली तर दोनपर्यंत परत त्यांच्याजवळ असाल.

दिवाळीच्या सुट्टीतल्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा रेल्वेचं आरक्षण झालं की त्याच आठवड्यात हॉटेल ठरवून टाका. दोन-तीन नावं तुमच्या मनात असतील तर इथे लिहा. ती गल्ली कशी आहे आणि मेट्रोचं दार तिथून किती लांब पडतं, ते मी सांगेन.