‘विचारलं आणि डोक्यात शिरलं तर?’

“मॅडम, त्याच्या मनात नसेलही तसलं काही. मी विचारलं आणि माझ्यामुळेच डोक्यात शिरलं तर?”

सटाण्यापासून सिन्नरपर्यंत कुठल्याही शाळेत शिक्षकांशी आत्महत्येच्या विषयावर बोलायला बसा, हा प्रश्न येतोच. आया विचारतात, वसतिगृहाचे गृहपाल विचारतात, वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा आवाज खाली आणून विचारतात. उत्तर आधीच देऊन टाकते: शिरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर हे तपासून पाहिलं गेलं आणि २००५ साली ते प्रसिद्धही झालं. काही मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्या मुलांचा त्रास वाढलेला नव्हता. उलट जी आधीच खचलेली होती, त्यांना विचारल्याने थोडं हलकं वाटल्याचं दिसलं.

तरी शिक्षकाची जीभ अडखळते. आकडा सांगून भीती जात नाही. वाक्य तोंडात बसलं की जाते, असा माझा अनुभव आहे.

पुढची हकिगत एका मुलाची नाही. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या काही घरांतलं एकत्र करून, ओळख पटेल असं सगळं काढून लिहिते आहे.

मुलगा दहावीतला. घर मळ्यात, सगळी द्राक्षबाग. फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी नुकतीच झालेली, म्हणजे घरात फवारणीशिवाय दुसरा विषय नाही. सहामाहीच्या तोंडावर तो चार दिवस शाळेत आला नाही. वडिलांनी कळवलं, डेंग्यू. परत आला तेव्हा अंगाने बरा दिसत होता, पण वर्गशिक्षकांना दोन गोष्टी खटकल्या. आकृत्या सुबक काढणाऱ्या या मुलाने प्रयोगवही कोरी दिली होती. आणि भूमितीचा पेपर आठवड्यावर आलेला असताना स्वतःची कंपासपेटी बाकावरच्या मित्राला देऊन टाकली होती, “मला नाही लागणार आता” म्हणत.

सरांचा रात्री फोन आला. म्हटलं, काय विचारणार आहात ते मला म्हणून दाखवा.

“अरे, तुझ्या डोक्यात तसलं काही नाही ना?”

नव्वद टक्के लोक असंच विचारतात. ‘नाही ना’ म्हटलं की उत्तर आपणच देऊन मोकळे होतो, आणि मुलं आज्ञाधारक असतात, सरांना हवं तेच म्हणतात. ‘तसलं’ या शब्दाने तर विषय तोंडातून काढण्याजोगा नाही हेही सांगून होतं. मग फोनवरच आम्ही वाक्य बसवलं. आधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं, मग थेट विचारायचं: “गेले आठ दिवस तू गप्प आहेस. वही कोरी दिलीस, कंपास देऊन टाकलीस. फार असह्य झालं की काही जणांना मरून जावंसं वाटतं. तुला तसं वाटतंय का?” आणि यानंतर गप्प बसायचं. सर आधी पुटपुटत होते. आवाज खणखणीत लागेपर्यंत म्हणवून घेतलं.

जागाही ठरवली. स्टाफरूम नको, तिथे चार जण कान देऊन असतात. मुख्याध्यापकांची खोली तर नकोच, तिथे मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलंय. मैदानाच्या कडेला, शेजारी-शेजारी बसून, समोरासमोर नाही. (मुलगी असेल तर बाईंनी विचारावं, आणि दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी.)

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं. मुलगा बराच वेळ बुटाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्हाला कोणी सांगितलं?” आणि थोड्या वेळाने, “डेंग्यू नव्हता.”

या क्षणी आपल्याकडे ठरलेली वाक्यं तोंडात येतात. “वेडा आहेस का? आईबापाचा विचार केलास?” तो त्याने केलेलाच असतो, बरेचदा त्याचंच ओझं झालेलं असतं. सर एवढंच म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. अजूनही वाटतं तसं?” मग तीन-चार गोष्टी शांतपणे विचारून घेतल्या: कधीपासून, किती वेळा येतं मनात, काही ठरवलं आहे का, जवळ काही आहे का, आणि आतापर्यंत कशाने थांबलास. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. पुढच्या कामाचा धागा तिथेच सापडतो. हा मुलगा म्हणाला होता, “मामाच्या गॅरेजवर गेलो की नाही वाटत.”

उत्तर ‘हो’ आलं की मुलाला एकटं सोडायचं नाही, अगदी बाथरूमलासुद्धा बाहेर कोणीतरी उभं हवं. घरच्यांना बोलवायचं, आणि काही ठरवलंय असं तो म्हणाला तर त्याच दिवशी दवाखाना, गाडी नसेल तर १०८. उत्तर ‘नाही’ आलं तरी विषय संपत नाही. “कधी वाटलं तर मला सांग” म्हणायचं आणि चार दिवसांनी पुन्हा विचारायचं. पुष्कळ मुलं दुसऱ्यांदा विचारल्यावर बोलतात. पहिल्यांदा ती आपलाच अंदाज घेत असतात.

सर मुलाला आणि त्याच्या वडिलांना माझ्याकडे घेऊन आले. मुलगा वडिलांना नाना म्हणायचा. नाना खुर्चीच्या टोकावर बसलेले. पहिला प्रश्न त्यांनीच केला, “ताई, पोलीस केस होईल का पोरावर?” त्या चार दिवसांआधी मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, आणि डेंग्यूचं कारण या भीतीनेच सांगितलं होतं. दवाखान्यात एमएलसीचा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा, कागद झाला आणि त्या तीन अक्षरांनी घर हादरलं.

हे प्रत्येक आईबापाला स्वच्छ सांगायला हवं. असा रुग्ण आला की रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो. ती नोंद असते, मुलावरचा गुन्हा नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अमलात आला २९ मे २०१८ ला. त्याचं ११५ वं कलम सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. शिवाय त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं, भारतीय दंड संहितेतलं पूर्वीचं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलंच नाही. नानांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

मुलाला मी आधीच सांगितलं होतं: इथे बोललेलं इथेच राहील, फक्त जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागेल, आणि तेही तुला विचारून, तुझ्या देखत. हे आधी सांगितलं की मुलं जास्त बोलतात. काहींना उलटं वाटतं, पण मुलांना नियम माहीत असले की बरं असतं.

मग घरातल्या फवारणीच्या औषधांचा विषय काढला. द्राक्षाच्या घरात ही बैठक सगळ्यात अवघड. नाना म्हणाले, “औषध नसलेलं घर दाखवा आमच्या शिवारात.” बरोबरच होतं त्यांचं. म्हणून मी ‘काढून टाका’ म्हणत नाही, ‘लांब करा’ म्हणते. जीव नकोसा होण्याची तीव्र घडी तापासारखी चढते आणि उतरते. कधी काही मिनिटं, कधी काही तास. त्या घडीत हाताशी काही नसलं की मूल बहुतेक वेळा तिच्यातून निभावून जातं. ‘ज्याला करायचं तो करणारच’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

नाना म्हणाले, “कपाटाला कुलूप आहे. चावी देव्हाऱ्यामागे ठेवतो. कोणाला माहीत नाही.”

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं, “नाना, दुसरी चावी ब्लोअरच्या पान्याच्या डब्यात असते.”

खोलीत कोणी काही बोललं नाही. नानांना त्या क्षणी कळलं की घरातली एकही जागा पोराला नवी नाही, आणि लपवणं हा उपाय नव्हे. मला मात्र दुसरंच दिसलं. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःपुढचा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद केला होता. कोणी विचारलं नव्हतं. धोका मोजायच्या प्रश्नावल्या माझ्याही कपाटात आहेत, आणि त्यातला एकही आकडा मला त्या एका वाक्याइतकं काही सांगत नाही. मूल स्वतःच्या राखणीचं काम नुसतं आपल्यावर टाकत नाही, स्वतःही पहाऱ्याला उभं राहतं, तिथून माझ्या मते उपचार सुरू होतो. तोवर सगळी नुसती पाळत.

मग दोन्ही चाव्या घराबाहेर गेल्या. चुलत्याचं घर दोन बांधांवर, औषधांचं लोखंडी कपाट तिकडे हललं. एका फवारणीला लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं सांजेला घरी आणायचं नाही, रिकामे डबे भोक पाडून त्याच दिवशी बाजूला. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही विसरायच्या नाहीत. महिन्याचा डबा कुलपात, बाहेर दोन दिवसांपुरत्या. हे सहा महिने तरी पाळायचं. नाना व्यवहारी माणूस, कागदावर लिहून घेतलं.

मुलाबरोबर वेगळा कागद केला. याला सुरक्षा आराखडा म्हणतात, वर नाव मात्र त्याने स्वतः दिलं, ‘चक्कर आली तर’. त्यात सहा गोष्टी येतात आणि सगळं मुलाच्याच शब्दांत हवं. माझ्या भाषेत लिहिलेला कागद वहीत दडून राहतो. डोकं फिरायला लागल्याची खूण काय? त्याची होती, रात्री क्लासच्या ग्रुपवर मार्कांची यादी पडते आणि तो ती पुन्हा पुन्हा बघतो. तेव्हा एकट्याने काय करता येईल? फोन आईकडे देऊन गाईंना वैरण टाकणं. कुठे जाता येईल? मामाचं ओझरचं गॅरेज. ही जागा माणसांची असावी, एकांताची नको. मदत कोणाकडे मागायची? मामा आणि सर. (“नाना नको, ते रडतात,” म्हणाला. नानांनी ते ऐकलं, तेही चांगलंच झालं.) तज्ज्ञ कोण? टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. नंबर लिहून भागत नाही, बैठकीतच एकदा लावून बघायचा, म्हणजे भाषा निवडायला काय दाबायचं ते रात्री शोधावं लागत नाही. सहावी गोष्ट चाव्यांची, ती झालेलीच होती.

एक गोष्ट मी करत नाही आणि करू देत नाही: शपथ. “आईची शपथ घे, पुन्हा असं करणार नाहीस.” मुलगा शपथ घेतो. पुन्हा विचार आला की शपथ मोडल्याचा अपराधही डोक्यावर बसतो, आणि तो सांगायचंच बंद करतो.

आता दवाखाना आणि शाळा यांच्यातल्या खिंडीबद्दल. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, आणि नेमके तेव्हाच सगळे हात काढून घेतात. डॉक्टरांच्या लेखी पोटातलं विष उतरलं, शाळेच्या लेखी डेंग्यू बरा झाला. मानसोपचार ओपीडीची तारीख डिस्चार्ज कार्डावर नसेल तर मागून घ्या, आठवड्याच्या आतली. सिव्हिल हॉस्पिटलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात, त्यांच्याकडे पाठवायला सांगा. पहिला फोन तीन दिवसांच्या आत जायला हवा. कोण करणार ते वॉर्डातच ठरवा. फोनने काय होतं, असं वाटेल. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या १,८६७ जणांवर जागतिक आरोग्य संघटनेने हेच करून पाहिलं: सुटताना तासभर नीट बोलणं आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन किंवा भेट. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात आत्महत्येने २.२ टक्के गेले, फोन-भेटीच्या गटात ०.२ टक्के. २००८ ला हे निकाल आले. यात महागडं काहीच नाही.

शाळेला काय सांगायचं हे मुलाला विचारून दोन वाक्यांत ठरवा. या मुलाने ठरवलं: “मी आजारी होतो. आता बरा होतोय.” तपशील फक्त वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापिकांना. पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस, प्रयोगवहीला मुदत, आणि मार्कांची यादी ग्रुपवर टाकणं बंद. शेवटच्या मुद्द्यावर क्लासवाले हटून बसले होते. सर स्वतः जाऊन बोलले.

२०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. कागद पुरा करायला चित्रकलेच्या सरांच्या नावापुढे ‘समुपदेशक’ लिहून मोकळं होणं सोपं. तसं करू नका. पूर्ण वेळ माणूस मिळत नसेल तर बाहेरच्याचा ठरलेला वार ठेवा. आणि सभागृहातली प्रेरणादायी व्याख्यानं आवरा. युरोपातल्या दहा देशांत अकरा हजारांवर मुलांवर तुलना झाली. त्यात नुसतं शिक्षकांना लक्षणं ओळखायला शिकवून आत्महत्येचे प्रयत्न कमी झाल्याचं दिसलं नाही. मुलांशीच वर्गात, भूमिका करून, तासिकांमध्ये बोललेल्या कार्यक्रमाने ते वर्षभरात जवळपास निम्मे झाले. हे २०१५ चं. शिक्षकाने विचारणं म्हणून फुकट जात नाही, पण कंपासपेटी ज्या मित्राला मिळाली, त्यालाही हे कोणाला सांगायचं ते माहीत हवं. ‘मैत्रीत गुपित असतं, पण जिवाचं गुपित ठेवायचं नाही,’ एवढं आठवीपासून सांगा.

मे महिन्यातल्या दहावी-बारावीच्या निकालासाठी आत्ताच एक यादी करून ठेवा. ज्या मुलांची काळजी वाटते अशांची नावं, प्रत्येकापुढे फोन करणाऱ्याचं नाव. निकाल दुपारी लागतो. फोन आदल्या संध्याकाळी एक, निकालानंतर तासाभरात दुसरा, तिसऱ्या दिवशी तिसरा. पुरवणी परीक्षेचा अर्ज, आयटीआयचा प्रवेश ही माहिती निकालाच्या आधी घरी पोचलेली असावी. मार्क किती पडले हे फोनवर सर्वांत शेवटी विचारायचं, जेवलास का हे आधी. आणि गरज वाटली तर तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच थेट शब्दांत.