वाचकांचे प्रश्न : फुटबॉलचे मैदान, गवत की टर्फ?

प्रश्न : आमच्या क्लबकडे एकच मैदान आहे. मुलांचा सराव, महिला संघ, मोठ्यांचे दोन संघ आणि आठवडाअखेरचे सामने सगळे त्यावरच होतात. समितीत निम्मे लोक गवताच्या बाजूचे, निम्मे टर्फच्या म्हणजे कृत्रिम गवताच्या. निर्णय कशावर घ्यावा?

उत्तर : आधी वही घेऊन तासांचा हिशेब मांडा. साध्या मातीवरचे, बऱ्यापैकी निचरा होणारे गवताचे मैदान आठवड्याला साधारण 6 तास खेळ सोसते. वाळूच्या थरावर नीट बांधलेले आणि रोज निगा राखलेले मैदान गवताच्या वाढीच्या हंगामात 10 ते 12 तासांपर्यंत जाते. त्यापुढे गवत जितके झिजते तितके भरून येत नाही आणि कितीही खत घातले तरी हा हिशेब बदलत नाही. टर्फवर मात्र आठवड्याला 40 तास खेळता येते.

मोठ्यांचा सामना आणि आठ वर्षांच्या मुलांचा सराव एकाच मापाने मोजू नका. गोलरक्षकाचा रोजचा सराव एकाच जागी होत असेल, तर तो तास दुप्पट धरा. वॉर्मअप, धावणे, शिडीचे व्यायाम यांतले किती मैदानाबाहेर हलवता येतील तेही पाहा. बरेचदा या एका बदलानेच आकडा पुष्कळ खाली येतो.

आमचे मत स्पष्ट आहे. 12 तासांपर्यंत गवतच ठेवा. खेळायला त्याहून चांगला पृष्ठभाग नाही. 25 तासांच्या पुढे गेलात तर टर्फला पर्याय नाही. मधल्या आकड्यासाठी मुख्य मैदान गवताचे आणि बाजूला 40 बाय 20 मीटरचा टर्फचा सरावपट्टा, ही सर्वांत शहाणपणाची रचना.

खर्चाबाबत दोन्ही बाजू अर्धेच बोलतात. 105 बाय 68 मीटर म्हणजे 7,140 चौरस मीटर. एवढ्या गवताला कडक उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचे, तर 35,700 लिटर लागते. त्याची सोय नसेल तर गवताचा हट्ट धरू नका. दुसरीकडे, टर्फचा गालिचा साधारण 8 ते 10 वर्षांत बदलावा लागतो. चौरस मीटरला 15 किलो वाळू आणि 10 किलो रबर धरले, तर नुसते इन्फिलच (धाग्यांमध्ये भरलेली वाळू आणि रबराचे दाणे) सुमारे 178 टन भरते आणि ते काढून नेण्याची जबाबदारीही तुमचीच. पहिल्या वर्षापासून त्यासाठी पैसे बाजूला टाकता येणार नसतील, तर टर्फ घेऊ नका.

प्रश्न : जुने मैदान रोलरने दाबून सपाट केले आहे. त्यावर थेट टर्फ अंथरले तर चालेल का?

उत्तर : नाही. माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावरचा गालिचा तिच्याबरोबर वरखाली होतो. दोन पावसाळ्यांत खड्डे दिसू लागतात, सांधे उसवतात. सेंद्रिय मातीचा वरचा थर पूर्ण काढा. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड), बाजूने आणि गरजेप्रमाणे मध्ये छिद्रांचे निचऱ्याचे पाइप, त्यावर 15 ते 30 सेंटिमीटर दाबलेली खडी (माती जितकी चिकण, तितका थर जाड) आणि वर बारीक खडीचा समतल थर. उतार अर्धा ते एक टक्का. सपाटी तपासायला 3 मीटरची सरळ पट्टी ठेवा. तिच्याखाली 10 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर गालिचा उलगडू देऊ नका. ठेकेदार घाई करतो ती इथेच, आणि इथली चूक नंतर गालिचा उचलल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

प्रश्न : आमच्या गवताच्या मैदानावर दोन्ही गोलांसमोर गवत टिकतच नाही. पावसात चिखल, उन्हात फरशीसारखी टणक जमीन. बियाणे टाकले, युरिया टाकला, उपयोग शून्य. तेवढ्याच भागात टर्फचा तुकडा बसवावा का?

उत्तर : तुकड्याचा विचार सोडा. फुटबॉलच्या नियमावलीतील पहिल्याच नियमानुसार मैदान पूर्ण नैसर्गिक, किंवा स्पर्धेची परवानगी असल्यास पूर्ण कृत्रिम असावे लागते. दोन्हींचे मिश्रण फक्त स्पर्धेच्या नियमांनी मान्य केलेल्या हायब्रिड (नैसर्गिक गवतात कृत्रिम धागे गुंफलेल्या) पद्धतीत चालते. शिवाय दोन पृष्ठभागांच्या कडेवरच गोलरक्षकाचा पाय मुरगळतो.

तुमचा रोग दाबल्या गेलेल्या मातीचा आहे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर हाताने जमिनीत दाबून पाहा. मैदानाच्या कडेला तो सहज 15 सेंटिमीटर जाईल, गोलासमोर 3-4 सेंटिमीटरवर अडेल. त्या खाली हवा नाही, म्हणून मूळ नाही. अशा जागी युरिया टाकला तर पाते चार दिवस हिरवे दिसते आणि पहिल्याच सामन्यात उपटून येते.

दुरुस्ती वाफशावरच करा. ओल्या चिखलात यंत्र घातले तर भोकांच्या भिंती लिंपल्यासारख्या बंद होतात. कोरड्यात टाइन (भोके पाडणाऱ्या यंत्राचे दाते) आत जातच नाहीत. पोकळ टाइनने 12 ते 15 मिलिमीटर व्यासाची, 8 ते 10 सेंटिमीटर खोल भोके साधारण 5 सेंटिमीटर अंतरावर पाडा. बाहेर आलेल्या मातीच्या कांड्या गोळा करून मैदानाबाहेर न्या. त्या तिथेच पसरल्या तर चिकणमाती पुन्हा भोकांत जाते. मग 4 मिलिमीटर वाळू पसरून ताठ झाडूने भोकांत ढकला. गोलक्षेत्र 18.32 बाय 5.5 मीटर, म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर. त्याला अर्धा घनमीटर वाळू पुरते. वाळूचे कण 0.25 ते 1 मिलिमीटरचे हवेत. मूठभर वाळू बाटलीभर पाण्यात हलवून ठेवा. कण बसल्यावरही पाणी गढूळ राहिले, तर वाळूत गाळ आहे. ती परत पाठवा. एकदाच दोन-तीन इंच वाळूचा थर देऊन मोकळे व्हायचे, हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि तितकाच घातक. मुळे वरच्या वाळूत राहतात, खालच्या मातीत शिरत नाहीत, आणि बुटाच्या एका वळणात सगळा थर सरकतो.

हरळी असेल तर बियाण्यापेक्षा दोन-तीन पेरांचे धावे (जमिनीवर पसरणारी खोडे) किंवा छोटे ठोंब 15 सेंटिमीटरवर लावा, पहिले दोन आठवडे वरची जमीन ओलसर ठेवा आणि गवताच्या वाढीच्या तेजीत निदान 6 आठवडे तिथे खेळ बंद करा. हलवता येणारे गोल घेतले तर सराव आडव्या दिशेने चालू राहील. नंतर कापणी 25 मिलिमीटरवर, एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग न कापता.

दोन गोष्टी आधी तपासा. झाडाची किंवा स्टँडची सावली दिवसाचा बराच वेळ तिथे पडत असेल, तर हरळी काहीही करून टिकणार नाही. आणि गवत हाताने ओढल्यावर मुळांशिवाय अलगद उचलून येत असेल, तर खाली वीतभर चौकोन खणून हुमणीच्या अळ्या शोधा. मुळे हुमणी खात असेल, तर भोके पाडून उपयोग नाही. आधी तिचा बंदोबस्त करा.

प्रश्न : आमचे टर्फ चार वर्षांचे आहे. चेंडू फार पळतो, मुले घसरतात, गुडघे दुखल्याच्या तक्रारी येतात. टर्फ संपले का?

उत्तर : बहुतेक संपलेले नाही, उपाशी आहे. 60 मिलिमीटरच्या धाग्यात इन्फिल साधारण 40 ते 45 मिलिमीटर भरलेले असावे आणि वर 15 ते 20 मिलिमीटर धागा उभा दिसावा. बारीक मोजपट्टी तळापर्यंत खुपसून दहा-बारा ठिकाणी खोली मोजा. पेनल्टीची जागा, कॉर्नर आणि गोलासमोरचा भाग नक्की घ्या, कारण तिथले रबर लाथांनी उडून बाजूला जमते. इन्फिल कमी झाले की धागा आडवा पडतो, त्याच्यावर चेंडू घरंगळतो आणि बुटाला पकड मिळत नाही.

घरच्या घरी दोन चाचण्या होतात. चेंडू 2 मीटरवरून सोडा. उसळी 60 ते 85 सेंटिमीटर असावी. 45 अंशाच्या उतारावरून 1 मीटर उंचीवरून घरंगळू द्या. तो 4 ते 8 मीटरमध्ये थांबायला हवा. या टर्फसाठीच्या फिफाच्या वरच्या, क्वालिटी प्रो दर्जाच्या मर्यादा आहेत. त्याखालच्या क्वालिटी दर्जात उसळी 1 मीटर आणि घरंगळ 10 मीटरपर्यंत चालते.

दर आठवड्याला ब्रश फिरवा, धागा ज्या बाजूला झुकला असेल त्याच्या उलट दिशेने. ब्रश नायलॉनचा हवा. तारेचा ब्रश धागा चिरतो. भर दुपारी तापलेल्या, मऊ झालेल्या धाग्यावर ब्रश नको. पेनल्टीच्या जागी प्रत्येक सामन्यानंतर रबर हाताने भरा. वर्षातून दोन-तीनदा इन्फिल खोलवर मोकळे करून घ्या. एवढे करूनही धागा उभा राहत नसेल, टोके फाटून केसाळ झाली असतील, तर मात्र गालिचा बदलण्याची वेळ आली.

प्रश्न : उन्हात टर्फ तापते. पाणी मारून थंड होते का?

उत्तर : होते, पण थोडाच वेळ. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग 60 अंशांपुढे जातो. पाणी वाळले की तापमान पुन्हा चढते. गवत स्वतः बाष्प सोडून थंड राहते. टर्फकडे ती सोय नाही. लहान मुलांचा सराव सकाळी किंवा संध्याकाळीच ठेवा.

प्रश्न : काळ्या रबराच्या दाण्यांबद्दल पालक काळजीत आहेत. दुखापतींचे काय?

उत्तर : ते दाणे बहुधा जुन्या टायरांचे असतात. युरोपीय संघाने इन्फिलमधील आठ पीएएच (कर्करोगाचा धोका असलेल्या) रसायनांची एकत्रित मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ठरवली आहे. पुरवठादाराकडून या निकषाचा चाचणी अहवाल मागा, न दिल्यास दाणे घेऊ नका. त्याच संघाने 2023 मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवरचा नियम केला आणि त्यानुसार ऑक्टोबर 2031 पासून अशा प्लास्टिक-रबर इन्फिलची विक्री तिथे बंद होणार आहे. कारण मुख्यतः पर्यावरणाचे आहे: दाणे बुटांतून, पाण्यातून बाहेर जातात. नवे मैदान आखताना खाली शॉकपॅड (धक्का शोषणारी गादी) आणि वर कॉर्क किंवा नुसती वाळू, असा पर्याय आताच विचारात घ्या. जुन्या मैदानाभोवती दाणे अडवणारी बुटकी कड आणि दाराशी बूट झटकायची जाळी बसवा.

दुखापतींत खरचटणे टर्फवर नक्की जास्त. जखम लगेच साबण-पाण्याने धुवायची, झाकायची. गुडघ्याचा धोका पकडीतून येतो: पाय जमिनीत अडकतो आणि शरीर वळते. टर्फवर आखूड, अनेक खुंट्यांचे बूट हवेत. धातूच्या खुंट्या पूर्ण बंद.

प्रश्न : हायब्रिड मैदान म्हणजे दोन्हींचे फायदे, असे म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : हायब्रिडमध्ये खेळ नैसर्गिक गवतावरच होतो. शिवणीच्या पद्धतीत सुमारे 2 सेंटिमीटरवर एकेक कृत्रिम धागा जवळपास 18 सेंटिमीटर खोल टोचतात. गवताची मुळे त्यांना गुंफतात, त्यामुळे जमीन उखडत नाही. पाणी, कापणी, खत, ऊन सगळे गवताइतकेच लागते, वर दरवर्षी मुळापर्यंतचा कुजका थर खरवडून नवी पेरणी करावी लागते. खेळाचे तास वाढतात, पण टर्फची बरोबरी होत नाही. पूर्णवेळ मैदान सांभाळणारा माणूस आणि यंत्रे असतील तरच त्या वाटेला जा.